पायांचा बाजार

मगदूम सरांचा चित्रकलेचा तास मी किती वेळा खाल्ला ते मला विचारू नका. गणिताची बाई असून मी ते कधी मोजलं नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर सातवीवर आणि आठवीवर त्यांचे तास असायचे. घंटा व्हायच्या आधीच मी वर्गात जाऊन फळ्यावर उदाहरण लिहून मोकळी व्हायची. सर दारात येऊन उभे राहायचे. हातात पितळी तांब्या, नाहीतर फुटका कंदील, नाहीतर कुणाची तरी जुनी चप्पल. मी म्हणायची, "सर, माझा पोर्शन राहिलाय हो." ते म्हणायचे, "घ्या की बाई." आणि तांब्या काखेत मारून परत आपल्या खोलीकडं.

मी लीला सरनाईक. राजारामपुरीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. शाळेचं नाव सांगत नाही. माणसं अजून हिंडतफिरत हायत, उगाच भांडायला येतील. भांडायला मी भीत नाही, मंगळवार पेठेतली हाय मी, पण ज्या गोष्टीत आपलीच चूक असते तिथं भांडून करायचं काय?

भूपाल मगदूम पेठ वडगावचे. जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ शेतीत, घरात ह्या एकालाच चित्राचा नाद. थोरले भाऊ आप्पासो सगळ्यांना सांगायचे, "आमचा भूपाल कामाचा न्हाई, म्हणून मास्तर केलाय." उंच, किडकिडीत, पांढरी विजार, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला कायम कसला तरी रंग लागलेला. अंधार पडायच्या आत घरी जाऊन जेवायचं म्हणून साडेपाचची वडगावची गाडी ते कधी चुकवायचे नाहीत. बोलणं कमी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत कमी बोलणाऱ्या माणसाची धडगत नसते. त्यातनं मी तिथं होते.

शाळेचं सगळं रंगकाम त्यांच्याच गळ्यात. स्वागताचे फलक, रोजचा सुविचार, गॅदरिंगचा पडदा, बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर नावं. कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेवर गणपती काढून द्यायचा मगदूम सरांनीच. माझ्या भाचीच्या पत्रिकेवरसुद्धा त्यांचाच गणपती होता, आणि मी त्यांना जेवायला या म्हणायलाही विसरले.

शिकवायची त्यांची तऱ्हा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. जूनमध्ये पहिल्याच तासाला ते पोरांची सगळी खोडरबरं गोळा करून बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवायचे, ती एप्रिलमध्ये परत. वर्षभर खोडायचं म्हणून नाही. "चुकलेली रेघ राहू दे," म्हणायचे, "दुसरी तिच्या शेजारी काढ. पहिली दिसली तरच दुसरी कुठं काढायची ते कळतंय." आणि दुसरं म्हणजे पेन्सिल खाली ठेवून निम्मा तास नुसतं बघायचं. पुढ्यात तांब्या, आणि चाळीस पोरं तांब्याकडं बघत बसलेली. मी एकदा खिडकीतून डोकावून म्हटलं होतं, "काय सर, तांब्या पळून जाईल म्हणून राखण बसवलीय व्हय?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. पण तांब्यावरनं नजर काढली नाही.

सरकारची चित्रकलेची परीक्षा असते, एलिमेंटरी. दुसऱ्या शाळांत तिची तयारी सोपी होती. स्मरणचित्राला विषय येऊन येऊन कुठले येणार? बाजार, मिरवणूक, खेळ, पाणवठा. अशी चार चित्रं मास्तर स्वतः काढून द्यायचे, पोरं ती पन्नास वेळा गिरवायची, आणि परीक्षेत पाढे म्हणावेत तशी ओतून यायची. निकाल चांगले लागायचे. आमच्याकडं एका वर्षी सहा पास, पुढच्या वर्षी चार.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी येणार, नवा अभ्यासक्रम, नवं गणित, आणि कार्यानुभव नावाचा एक नवा विषय. शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत आमचे हेडमास्तर त्र्यंबकराव यांनी मगदूम सरांना बोलावून घेतलं. मी तिथंच वेळापत्रक घेऊन बसले होते.

"मगदूम सर, संस्थेनं ठरवलंय. यंदा एलिमेंटरीला दहा पास पाहिजेत. नाही झाले तर पुढच्या जूनपासून इथला चित्रकलेचा शिक्षक बंद. तुमची नोकरी जाणार नाही. गारगोटीच्या शाखेत कार्यानुभव घ्या. खडू करायला शिकवा, मेणबत्त्या करायला शिकवा. तुमची खोली दहावीच्या जादा तासांना, लीलाबाईंना देऊ."

खोली मी मागितली नव्हती. पण मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मोठी, उजेडाची खोली होती.

"दहा?" सरांनी विचारलं.

"दहा."

"दहा करतो. फक्त माझे तास मला द्या."

एवढंच म्हणाले आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हेडसरांनी मात्र माझ्याकडं बघितलं. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. "यंदा त्यांच्या तासाला मी पाय टाकणार नाही," असं मीच बोलून गेले.

आणि मी शब्द पाळला. नुसता पाळला नाही, मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले. माझा स्वभाव असा हाय, एखाद्याला छळायचं बंद केलं की मी त्याच्या भल्याच्या मागं लागते, आणि ते जास्त त्रासाचं असतं. परीक्षेला बारा पोरं बसणार होती. मी यादी केली. नऊ नक्की, दोघं काठावर, आणि बारावी शालू. दहाचं गणित कसं जमवायचं ते मी सरांना सांगायला लागले.

"चार चित्रं पाठ करून घ्या सर."

"पाठ केलेलं चित्र पोराचं नसतंय बाई."

"पण नोकरी तुमची असतीया की!"

महिनाभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एक दिवस माणूस वाकला. फळ्यावर त्यांनी बाजार काढला. डाव्या बाजूला झाड, मागं देऊळ, मधे तराजू धरलेली बाई, उजवीकडं टोपलीवाली. पोरांना म्हणाले, "घ्या उतरून." मी दारातनं बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं, तरी मी मनात म्हटलं, आलं एकदाचं शहाणपण.

अकरा पोरांना त्यांनी तसं करायला लावलं. एकटीला नाही. "शालूला नको," मला म्हणाले. "ती बघती." त्यांनी असं कुणाबद्दल बोललेलं मी दहा-अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

शालू आठवीत होती. तिची आई बयाबाई कपिलतीर्थाच्या मंडईत भाजी घेऊन बसायची, दर मंगळवारी शाळेआधी माझी भाजी तिच्याकडनंच. पोरगी आईच्या शेजारी पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधायची आणि मग धावत शाळेत. माझ्या विषयात ढ. उत्तरपत्रिकेत उत्तर कमी आणि कडेला चित्रं जास्त. एकदा तिनं मापाची वजनं काढली होती, ओळीनं, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी त्यावर लाल शाईनं भोपळा दिला होता.

सरांनी तिच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं होतं, ही एलिमेंटरी झाली, पुढची इंटरमिजिएट झाली, की गावातच चित्रकलेच्या शाळेत जाईल, ड्रॉइंगची मास्तरीण होईल. बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, मला त्यातलं काय कळत न्हाय. सरकारचा शिक्का मारल्याला कागद घिऊन आली, तर शिकू दे. न्हाय आली तर आठवी बास. मला बी हाताखाली माणूस पायजे की." सर म्हणाले, "आणंल." तर असं होतं. सरांची खोली आणि शालूची शाळा, दोन्ही त्या एका परीक्षेला टांगलेलं.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत. स्मरणचित्राच्या पेपरला त्या खोलीवर मी सुपरवायझर. सर केंद्राच्या कामात, इकडनं तिकडं. पेपरचं पाकीट फोडलं आणि मी वाचला. 'भाजी बाजार. चित्रात निदान तीन मानवाकृती असाव्यात.' मला तर नाचावंसं वाटलं. बाजारच आला की! अकरा पोरांनी माना खाली घातल्या, आणि पाच मिनिटांत अकरा कागदांवर डाव्या बाजूला अकरा झाडं उगवली.

शालू बसली होती तशीच. पेन्सिल खाली. डोळे कुठंतरी समोरच्या भिंतीच्या बुडाशी. पाच मिनिटं, दहा, पंधरा. वेळ दोन तासांचा, आणि ही बया भिंत बघतीया. मी दोनदा तिच्या बाकाजवळनं खोकून गेले. वीस मिनिटांनी तिनं पेन्सिल उचलली.

मग मी बाकीच्यांकडं लक्ष दिलं. कुणाला पाणी, कुणाला कागद टाचायला पिना. परत तिच्याकडं आले तेव्हा दीड तास होऊन गेला होता. कागद जवळजवळ भरला होता, रंगसुद्धा बराच झाला होता. आणि कागदावर नुसते पाय.

पुढं मोठीच्या मोठी वांगी, मेथीची जुडी, तराजूचं पारडं. आणि त्यांच्या भोवती पाय. भेगा पडलेले पुरुषाचे पाय. नऊवारीचा चिखलानं भिजलेला काठ. सायकलचं चाक, पेडलवर टेकलेला एक पाय. पोराचे दोन अनवाणी पाय, एकावर एक ठेवलेले. उजव्या अंगाला बाईमाणसाची कोल्हापुरी चप्पल, टाच एका बाजूनं पार झिजलेली. वेळ संपत आलाय आणि पोरगी टाचेवर ब्रश घासत बसलीय, असं मला झालं. पाय गुडघ्यापर्यंत जायचे आणि कागद संपायचा. वरच्या चार बोटांत नुसते गुडघे.

मी गणिताची बाई. मी मानवाकृती मोजल्या. एकही नाही.

काठावरची दोघं काय दिवे लावत होती ते मी बघूनच आले होते, त्यांची आशा नव्हती. नऊ नक्की होती. दहावं नाव हिचं. मी वाकले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "शालू, अगं डोकी कुठायत?"

तिनं वर बघितलं. "बसल्यावर दिसत न्हाईत बाई."

मला तिथंच कळायला पाहिजे होतं. साधं तर होतं. पोत्यावर बसलेल्या पोरीला गिऱ्हाईक दिसतं ते असंच. पण माझ्या डोक्यात दहाचा आकडा बसला होता. मी म्हटलं, "नियम वाच. तीन माणसं पाहिजेत. नापास होशील, सरांची नोकरी जाईल हितली. वर डोकी काढ."

परीक्षेत सुपरवायझरनं बोलायचं नसतं, ते मला माहीत होतं. मी बोलले. तिनं दाराकडं बघितलं, सर कुठं दिसतात का म्हणून. मला तरी दारात कुणी दिसलं नाही.

"जागा न्हाई बाई. आणि रबर न्हाई माझ्याकडं."

मी माझ्या पर्समधलं रबर काढून तिच्या हातात दिलं. ह्या हातानं दिलं. आठवीतली पोर, बाई सांगतायत म्हटल्यावर ती काय करणार? तिनं वरचे गुडघे खोडायला घेतले. रंग ओला होता. कागदाची साल निघाली, तांबडा रंग फराटला. शेवटच्या दहा मिनिटांत तिनं वरच्या पट्टीत तीन डोकी बसवली, लिंबाएवढी, गुडघ्यांना चिकटलेली. खाली एवढे जिवंत पाय आणि वर ती तीन लिंबं. चित्र नासलं होतं, ते मलासुद्धा दिसलं. पण मी मनात म्हटलं, तीन तर तीन, नियमात बसलं.

घंटा झाली. सर कागद गोळा करायला आले. शालूच्या कागदापाशी जरा थांबले, तिच्याशी काहीतरी बोलले, आणि कागद गठ्ठ्यात घातला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चला बाई, चहा घेऊ." चहा पिताना केंद्राच्या कामाचंच बोलले, चित्राचं नाही. मला वाटलं, पोरीनंच शेवटी घाण केली असं समजले असतील. मी तसंच समजू दिलं.

फेब्रुवारीत निकाल आला. नऊ पास. शालू स्मरणचित्रात नापास.

पास झालेल्यांची यादी फळ्यावर लिहायची ती सरांनीच, दुसरं कोण लिहिणार? ज्ञानू शिपायानं फळा धुऊन दिला. सरांनी रंगीत खडूनं नऊ नावं काढली, दर वर्षीसारखी, भोवती वेलबुट्टी. हेडसर मागं येऊन उभे राहिले. "एकानं गेलं हो, मगदूम सर." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वाईट सगळ्यांनाच वाटलं. त्यानं काय होतंय?

एप्रिलमध्ये बयाबाई आली. दाखल्याचा अर्ज घेऊनच आली. "शिक्का न्हाय मिळाला न्हवं? मग झालं." भांडली नाही, ओरडली नाही, तिचा शब्द तसाच ठरला होता. शालू तिच्या मागं उभी. सरांना तिनं विचारलं, "सर, मी चुकीचं बघितलो व्हय?"

"न्हाई गं," सर म्हणाले.

मी तिथं दोन हात अंतरावर उभी होते. तेवढी एक वेळ होती बोलायची. बाई, माझं ऐकून हिनं चित्र नासवलं, पोरीला शाळेतनं काढू नका, असं एक वाक्य. हेडसरांना पण सांगता आलं असतं. मी गप्प बसले. आयुष्यभर ज्या तोंडानं सगळ्यांना फाडून खाल्लं ते तोंड त्या दिवशी उघडलं नाही. सुपरवायझर पेपरात बोलली म्हणून चौकशी लागली असती, ह्याची भीती वाटली मला. दुसरं काही नाही.

जूनमध्ये सर गारगोटीला गेले. जाताना बिस्किटाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "राहिलेली रबरं हायत. पोरांस्नी द्या." ती खोली मला मिळाली. अकरा वर्षं मी तिथं जादा तास घेतले. फरशीवर रंगाचे डाग होते, ज्ञानूनं किती घासलं तरी निघाले नाहीत. मी फळ्याकडं तोंड करून शिकवायची.

आणि मंगळवारी कपिलतीर्थाला जायचं मी बंद केलं. दारावर गाडीवाला येतो, महाग देतो, त्याच्याकडनं घ्यायला लागले.

ब्याऐंशी साली दहावीच्या परीक्षेच्या कामाला मला गारगोटीला धाडलं. सात वर्षांत मी सरांना एक पत्र टाकलं नव्हतं. शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सर सापडले. पुढ्यात साचे, पाण्याची बादली, वाळत घातलेल्या खडूंच्या ओळी. हात कोपरापर्यंत पांढरे. खोकत होते. शर्टाच्या खिशाला रंग नव्हता.

"या बाई," म्हणाले. "खुर्ची पांढरी हाय, जपून."

बसस्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहत होते. रोज वडगावला जाणं शक्य नव्हतं. शनिवारी जायचे, सोमवारी यायचे, दिवस मावळायच्या आत स्टोव्हवर भात टाकून जेवायचे. वडगावला त्यांच्या मंडळी, रत्नाबाई, एकट्या. मी विचारलं, चित्रं काढता का? म्हणाले, "खडू करतोय की. चित्र काढायला लागतातच खडू." आणि हसले. शाळेचे फलकसुद्धा ते लिहीत नव्हते, पोरं लिहायची. फलकावर 'सुस्वागतम्'ची अक्षरं उताराला लागलेली मी येताना बघितली होती.

मग मी सांगून टाकलं. उभ्या उभ्याच. "सर, शालूला मी सांगितलं होतं डोकी काढ म्हणून. रबर माझं होतं."

ते साचा उघडत होते. एकेक खडू अलगद काढून ओळीत ठेवला, सगळे ठेवून झाल्यावर बोलले. "माहीत हाय बाई. मी खिडकीत हुतो."

मी त्यांच्यावरच ओरडले. "मग आत का आला नाहीत? ओरडायचं होतं माझ्यावर! हात धरायचा होता तिचा!"

"यायचं हुतं," ते म्हणाले. "चित्र दिसत हुतं मला तिथनं. असं चित्र माझ्या हातनं कधी झालं न्हाई. पण मला वाटलं, बाई म्हणतायत ते बरोबर असंल. तीन डोकी झाली तर दहा व्हतील. मी खोलीचा विचार केला बाई. चित्राचा न्हाई केला." आणि परत साच्यात पाणी ओतायला लागले.

मी खूप काय काय बोलले. हेडसरांना पत्र लिहिते, संस्थेकडं जाते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आता कशाला?" एवढंच म्हणाले. मला बसमध्ये बसवून द्यायला आले. खिडकीच्या गजावर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते, ते मी कोल्हापूरपर्यंत बघत आले.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत ते गेले. छातीचं दुखणं. आप्पासोंचं कार्ड आलं, पोस्टाचं, चार ओळींचं. शाळेनं दोन मिनिटं शांतता पाळली. सातवीतल्या पोरांना कोण मगदूम सर ते माहीतही नव्हतं, ती एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

शहाऐंशीत मी रिटायर झाले. त्या पावसाळ्यात एकदा अचानक पाहुणे आले, गाडीवाला आला नव्हता, म्हणून मी अकरा वर्षांनी कपिलतीर्थाच्या मंडईत पाऊल टाकलं. बयाबाईच्या जागेवरनं जायचं नाही असं ठरवून आत शिरले आणि गर्दीनं ढकलत ढकलत मला तिथंच नेऊन उभं केलं. पोत्यावर एक बाई खाली मान घालून जुड्या बांधत होती. अंग सुटलेलं, कपाळावर पदर. मी ओळखलं नाही. बयाबाई नाही एवढंच बघितलं आणि जीव भांड्यात पडला.

"वांगी कशी दिली?"

तिनं मान वर केली नाही. "बाई, डावी टाच अजून भाईरच्या अंगानंच झिजती व्हय?"

माझी चाल तिरकी हाय, लहानपणापासून. वर्षाला एक जोड लागतो. पण हे ती कुणाला म्हणाली तेच मला आधी कळेना.

"शालू?"

"व्हय की." आता तिनं वर बघितलं, आणि लगेच परत खाली. "तोंडं कुठं बघतोय आमी. पाय आलं की कळतंय कोण आलं ते. तुमी दर मंगळवारी यायचासा आईकडं. मग येकदम बंदच केलासा."

मी वांगी चाचपायला लागले.

"तुमास्नी काढलो हुतो की मी, परीक्षेत. तराजूच्या उजव्या अंगाला. झिजल्याली टाच. ती लई घासून काढलो हुतो, बराबर यावी म्हणून." ती वांगी पारड्यात टाकत होती. "कागद घ्यायला आलं तवा सरांनी वळखलं. म्हणलं, ही लीलाबाईंची चप्पल न्हवं? मी म्हणलो, व्हय. लई बरी आलीया म्हणलं."

ती टाच मी बघितली होती. पायातली चप्पल माझी, कागदावरची चप्पल माझी, आणि मी तिथं वाकून मानवाकृती मोजत होते.

"तुमी म्हणलासा डोकी काढ," शालू सांगत होती, रागानं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. "मला वाटलं, बाईंस्नी चित्रात आपलं तोंड पायजे असंल. म्हणून पयलं तुमचंच काढलो. पर कवा नीट बघितलंच न्हवतं, तोंड. मग कसं येणार?"

"शालू, चुकलं गं माझं," मी म्हटलं. बारा वर्षं उशिरा, मंडईच्या कालव्यात. तिला ऐकू गेलं की नाही देव जाणे.

"सर बरं हायत न्हवं?"

"गेले. दोन वर्षं झाली."

तराजू तिच्या हातात तसाच राहिला. पारडं हललं, थांबलं. मग तिनं माझी पिशवी ओढून घेतली, वांगी आत टाकली, वर एक मूठ कोथिंबीर टाकली. मी विचारलं, "काढतेस का गं अजून काही?" तिनं नुसती मान हलवली, आणि ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला खरंच कळलं नाही, कारण तेवढ्यात माझ्या शेजारी दुसरे दोन पाय येऊन उभे राहिले, चिखलानं भरलेले, आणि शालू त्यांच्याकडं बघून म्हणाली, "बोला, काय पायजे?"